कॉर्व्हेटचा सातबारा

तुमच्या गावात एखाद्या वाड्याच्या मागे, चिंचेखाली नाही तर गोठ्याच्या पडवीत, एक जुनी जीप उभी असेल. आजोबांनी घेतलेली. टायर जमिनीत रुतलेले, बॉनेटवर शेवग्याचा पाला, मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालते. घरातले तरुण म्हणतात, भंगारवाल्याला देऊन टाका. म्हातारी म्हणते, राहू दे, त्यांची आठवण आहे. वर्षे जातात. गाडी विकलीही जात नाही आणि चालतही नाही.

वाचकहो, हीच गोष्ट अमेरिकेच्या खेड्यांत घडते, फक्त गाडी वेगळी असते. तिथल्या शेतकऱ्याच्या लाकडी कोठारात, गवताच्या गंजीआड, कधी कधी ‘शेव्हरोले कॉर्व्हेट’ सापडते. दोन माणसांची, बुटकी, लांब नाकाची, वेगाची मोटार. अशा सापडलेल्या गाडीसाठी लोक दोन-तीन राज्ये ओलांडून येतात. आल्यावर आधी रंग बघत नाहीत, आधी आकडे बघतात. इंजिनावरचा नंबर, चौकटीवरचा नंबर, टाकीवरचा कागद. आपल्याकडे जमीन घेताना सातबारा आणि फेरफार बघतात ना, अगदी तसे.

आता तुम्ही म्हणाल, अमेरिकेतल्या हौशी मोटारीचे आम्हाला काय? ऊस, कांदा, कापूस सोडून हे कुठे मध्येच? पण थोडे थांबा. जुने यंत्र विकत घेताना काय बघावे, घेतल्यावर कसे जपावे आणि जपून ठेवताना ते मारून कसे टाकू नये, हे तीन प्रश्न कॉर्व्हेटवाल्यालाही पडतात आणि जुन्या ट्रॅक्टरवाल्यालाही. त्यांनी चुका करून जे शिकून घेतले, ते आपल्याला फुकटात मिळत असेल तर का सोडावे?

दाराला कडी नसलेली गाडी

ही गाडी जन्मली १९५३ साली. त्या वर्षीच्या जानेवारीत जनरल मोटर्स कंपनीने न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अॅस्टोरिया हॉटेलात आपले प्रदर्शन भरवले, त्यात ती प्रथम लोकांसमोर आली. कल्पना हार्ले अर्ल या नामांकित आरेखनकाराची. ३० जून १९५३ रोजी मिशिगन राज्यातल्या फ्लिंट गावी पहिली गाडी तयार झाली. वर्षभरात झाल्या फक्त ३००, जवळपास हाताने बांधलेल्या. सगळ्या पांढऱ्या, आतून सगळ्या लाल. किंमत ३,४९८ डॉलर.

अंग पत्र्याचे नव्हते, फायबरचे होते. काचेच्या धाग्याचे कापड आणि राळ. गोबरगॅसची फायबरची टाकी किंवा फायबरचा दरवाजा तुम्ही पाहिला असेल, त्याच जातीचा माल. पत्रा ठोकायचे महागडे साचे न करता थोड्या गाड्या काढायच्या होत्या, म्हणून हा मार्ग.

दिसायला झकास, पण खरे सांगायचे तर पहिली गाडी कच्चीच होती. इंजिन सहा सिलिंडरचे, १५० अश्वशक्तीचे. गिअर दोनच, तेही आपोआप पडणारे. वेगाच्या शौकिनाला हे कुठले पटायला! दाराला बाहेरून कडी नाही, खालीवर होणारी काच नाही. पाऊस आला की बाजूला पडदे लावायचे आणि दार उघडायचे तर आत हात घालून. पावसाळ्यात आपल्या जीपचे जे होते, तेच.

१९५४ मध्ये कारखाना मिसुरी राज्यात सेंट लुईसला गेला. त्या वर्षी ३,६४० गाड्या झाल्या, पण गिऱ्हाईक मिळेना. १९५५ मध्ये उत्पादन ७०० वर आले. त्याच हंगामात फोर्डची ‘थंडरबर्ड’ १६ हजारांवर गेली. कॉर्व्हेट बंद होणार अशीच चिन्हे होती. पण शेजाऱ्याची गाडी धावते म्हटल्यावर आपली बंद कशी करायची, अशी कंपनीचीही ईर्ष्या झाली. शिवाय १९५५ मध्ये आठ सिलिंडरचे नवे इंजिन मिळाले. आणि झोरा आर्कस-डंटॉव्ह नावाचा एक अभियंता १९५३ मध्येच नोकरीला लागला होता. बेल्जियममध्ये जन्मलेला, रशियन आई-बापांचा हा माणूस वेगाच्या मागे वेडा. त्याने या दिखाऊ गाडीत खरी ताकद आणली. १९५७ मध्ये २८३ घन इंचाच्या इंजिनातून २८३ अश्वशक्ती निघू लागली आणि लोक ऐकू लागले.

चुकीच्या सल्ल्याने कापलेली पट्टी

१९६३ चे मॉडेल ‘स्टिंग रे’. या गाडीचे नाव काढले की आजही जुन्या मोटारींचे शौकीन हळवे होतात. बंद छपराच्या गाडीला मागची काच एक नव्हती, दोन होत्या, मध्ये वरपासून खालपर्यंत फायबरची पट्टी. आरेखन विभागाचे प्रमुख बिल मिचेल यांना ती पट्टी हवीच होती. डंटॉव्हचे म्हणणे, मागचे दिसत नाही, काढा. पहिल्या वर्षी मिचेल जिंकले. १९६४ मध्ये पट्टी गेली, एकच काच आली.

पुढे जे झाले ते ऐकण्यासारखे आहे. काही मालकांना वाटले, आपली गाडी जुनी दिसते. त्यांनी मधली पट्टी कापून टाकली आणि १९६४ ची सलग काच बसवली. पैसे देऊन, कारागीर लावून. काही वर्षांनी जगाचे मत फिरले. दोन काचांची गाडी फक्त एकाच वर्षाची, एकूण १०,५९४, म्हणून तिलाच सर्वांत जास्त मागणी. कापणाऱ्यांनी कपाळाला हात लावला. काहींनी पुन्हा पट्टी बसवून घेतली. पण एकदा कापलेले ते कापलेलेच. जाणकाराच्या बोटाला जोड लागतोच.

नवे आले म्हणून देशी वाण टाकून दिले आणि वीस वर्षांनी त्याच बियाण्यासाठी गावोगाव हिंडलो, असे आपल्याकडेही झाले आहे. यातून घ्यायचे ते एवढेच, की मूळ वस्तूला हात लावण्याआधी चार वेळा विचार करावा. बदल करायचाच असेल तर काढलेला भाग फेकू नये. पोत्यात बांधून माळ्यावर ठेवावा.

नंबर खरा की कोरलेला?

आता तलाठी भाऊसाहेब आणि ग्रामसेवक यांच्या आवडीचा विषय. कागद.

कॉर्व्हेटची किंमत दोन गोष्टींवर ठरते. गाडी कशी आहे आणि ती जी म्हणवते तीच आहे का. कारखान्यातून निघाली तेव्हाचे इंजिन आज तिच्यात असेल, तर तिचा भाव एक. इंजिन बदललेले असेल, तर भाव बराच खाली. म्हणून खोटेपणाला जागा झाली.

१९६३ च्या गाडीचा नंबर घ्या. पहिला ३ हा आकडा साल सांगतो. ०८३७ असेल तर बंद छपराची, ०८६७ असेल तर उघड्या छपराची. पुढचे ‘एस’ अक्षर म्हणजे सेंट लुईस कारखाना. मग अनुक्रमांक. पण गोम अशी, की १९७१ पर्यंत या नंबरात इंजिन कोणते हे येतच नव्हते. म्हणजे साध्या इंजिनाची गाडी आणि महागड्या मोठ्या इंजिनाची गाडी, नंबरावरून सारखीच. मग कळणार कसे?

त्यासाठी इंजिनाच्या पुढच्या उजव्या अंगाला एक सपाट जागा असते. तिथे गाडीच्या अनुक्रमांकाचे आकडे आणि इंजिन जोडल्याची तारीख ठोकलेली असते. दोन्ही जुळले तर इंजिन मूळचे. पण ठोकणारे हातोडेवाले सगळीकडे असतात. जुने आकडे घासून नवे ठोकायचा धंदाही तिकडे झाला. जाणकार मग भिंग घेऊन बघतो. कारखान्यात ती सपाटी कापताना लोखंडावर बारीक समांतर रेघा उठतात. घासल्या की त्या रेघा जातात. आकडे स्वच्छ पण रेघा गायब, तर दाल में कुछ काला समजावे.

आणखी एक खूण. इंजिनाचा ठोकळा ओतला त्या दिवसाची तारीख ओतकामातच उमटलेली असते. महिन्यासाठी अक्षर, ‘ए’ म्हणजे जानेवारी. ठोकळा ओतला मे महिन्यात आणि गाडी म्हणे मार्चमध्ये बाहेर पडली, तर हे कसे? खरेदीखत नंतरचे आणि फेरफार आधीचा असावा, तसली गत.

सर्वांत गमतीचा पुरावा पेट्रोलच्या टाकीवर. १९६७ पासूनच्या कित्येक गाड्यांत कारखान्यातल्या कामगारांसाठीचा कागद टाकीच्या वरच्या अंगाला चिकटवलेला सापडतो. त्या गाडीत काय काय बसवायचे, त्याची यादी. मालकाला त्याचा पत्ताही नसतो. टाकी खाली उतरवली की पन्नास-पंचावन्न वर्षांचा पिवळा कागद हाती येतो, कधी अर्धा उंदराने खाल्लेला. जो मालक मिळाले ते सगळे जपतो, पहिल्या खरेदीची पावती, सर्व्हिसचे पुस्तक, जुने विमापत्र, त्याच्या गाडीला गिऱ्हाईक वाट बघत उभे असते.

वरून तुकतुकीत, आतून पोकळ

फायबर गंजत नाही. म्हणून कॉर्व्हेट गंजत नाही, असा नवख्या खरेदीदाराचा समज. इथेच तो फसतो. अंग फायबरचे असले तरी खालची चौकट लोखंडाची आहे. समोरच्या काचेभोवतीचा आणि दारांचा सांगाडाही पोलादी. १९६३ नंतरच्या गाड्यांत या सांगाड्याला तिकडचे लोक ‘पक्ष्याचा पिंजरा’ म्हणतात. काचेच्या कडेतून पाणी झिरपते, पिंजऱ्यात मुरते आणि आतल्या आत लोखंड खाते. बाहेरून मात्र चकचकीत रंग. सोंडकिड्याने पोखरलेली ज्वारी पाखडल्याशिवाय कळते का? तसेच.

म्हणून अनुभवी माणूस गाडी बघायला जाताना जुने कपडे घालतो आणि खाली झोपतो. मागच्या चाकांच्या पुढे चौकट जिथे वर वळते, तिथे चिखल आणि ओल साचते. तिथे तो पेचकसाच्या मुठीने ठोकतो. टणटण आवाज आला तर ठीक, भदभद आला तर उठून कपडे झटकतो. समोरच्या काचेचे कोपरे, पायाखालचे गालिचे, सगळे उचलून पाहतो. रंग सर्वांत शेवटी. कारण रंग पैशाने मिळतो, चौकट मात्र गाडीचा कणा आहे.

जुना ट्रॅक्टर घ्यायला जाल तेव्हा ताज्या रंगाला भुलू नका, असे वडीलधारे सांगत. ताजा रंग दिसला की जास्तच बारकाईने बघा.

उंदीर, ओल आणि इथेनॉल

गाडी घेतली, आता सांभाळायची. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. ते मीठ लोखंड खाते. म्हणून तिथले मालक थंडीभर गाडी बंद ठेवतात. आणि बंद गाडीचे शत्रू चालत्या गाडीपेक्षा जास्त.

पहिला शत्रू उंदीर. वायरी कुरतडतो, सीटमध्ये घर करतो. दुसरी बॅटरी, पडून पडून मरते. तिसरी ब्रेकची ओल. १९६५ पासून कॉर्व्हेटच्या चारही चाकांना डिस्क ब्रेक आले, त्या काळी मोठी गोष्ट. पण त्यातली पिस्टनची घरे बिडाची. ब्रेक ऑइल हवेतली ओल पिते, बिडाला गंज चढतो, खड्डे पडतात आणि तेल गळू लागते. हे इतके घडले, की त्या घरांत स्टेनलेस स्टीलची नळी बसवून घेणे हा नेहमीचाच उपाय होऊन बसला. आपणही जीपचे ब्रेक ऑइल किती वर्षांत बदलले नाही, जरा आठवून बघा.

चौथी गोष्ट टायरची. नक्षी शाबूत म्हणजे टायर चांगले, असे नाही. रबर म्हातारे होते. आता टायरच्या बाजूला चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३१२२ म्हणजे २०२२ चा ३१ वा आठवडा. ट्रॉलीचे टायर घेताना हे आकडे वाचायला काही पैसे पडत नाहीत.

आणि पाचवे पेट्रोल. इथे गोष्ट थेट आपल्या बांधावर येते. अमेरिकेतल्या बहुतेक पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असते आणि ते मुख्यतः मक्याचे. मका पिकवणारा शेतकरी इथेनॉलच्या मागणीवर खूश. पण त्याच शेतकऱ्याच्या कोठारात १९६० च्या दशकातली कॉर्व्हेट असेल, तर तो तिच्यासाठी बिनइथेनॉलचा पंप शोधत जातो! कारण त्या काळच्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरमधले वॉशर इथेनॉलसाठी केलेलेच नव्हते. ते फुगतात, चिरतात. शिवाय इथेनॉल पाणी ओढते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली, की पाणी आणि इथेनॉल खाली बसते, टाकीला गंज लागतो. उपाय सोपे आहेत. नळ्या आणि वॉशर नव्या जातीच्या रबराचे बसवायचे, गाळणी वेळोवेळी बदलायची आणि जुने पेट्रोल टाकीत वर्षभर कुजू द्यायचे नाही.

आपल्याकडे ऊस, मळी, मका यांच्यापासून इथेनॉल होते आणि २०२५ पर्यंत पेट्रोलमध्ये २० टक्के मिश्रणापर्यंत मजल गेली. उसाच्या पट्ट्यात कुणी त्याच्या विरुद्ध बोलणार नाही, बोलूही नये. पण पडवीतल्या जुन्या जीपची, राजदूतची किंवा पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या फवारणी पंपाची रबरी नळी एकदा बदलून घ्या. पेट्रोलची नळी गळते तेव्हा नुसते नुकसान होत नाही, आगही लागते.

छत्तीस गाड्या आणि एक कुलूप

१९८९ मध्ये अमेरिकेतल्या एका संगीत वाहिनीने स्पर्धा काढली. पैसे मोजून फोन करायचा आणि बक्षीस काय, तर १९५३ पासून १९८९ पर्यंत प्रत्येक वर्षाची एक कॉर्व्हेट. १९८३ मध्ये विक्रीला मॉडेलच निघाले नव्हते, म्हणून एकूण ३६ गाड्या. बक्षीस लागले न्यूयॉर्कजवळच्या एका सुताराला. एका रात्रीत छत्तीस गाड्यांचा धनी! ठेवायला जागा कुठली? तेवढ्यात पीटर मॅक्स या प्रसिद्ध चित्रकाराने त्या सगळ्या विकत घेतल्या. त्याच्या मनात होते, सगळ्या रंगवून एक मोठी कलाकृती करायची.

ती कलाकृती कधी झालीच नाही. गाड्या न्यूयॉर्कच्या एका तळघरातून दुसऱ्या तळघरात गेल्या. वर धुळीचा थर, टायर बसलेले, ब्रेक जाम. सुमारे पंचवीस वर्षे. कुणी चोरल्या नाहीत, कुणी ठोकल्या नाहीत. कुलपात सुरक्षित होत्या, आणि तिथेच त्या सडल्या. पुढे त्या नव्या मालकांकडे गेल्या, दुरुस्त झाल्या आणि २०२० मध्ये सोडतीने छत्तीस निरनिराळ्या लोकांना मिळाल्या. तेव्हा कुठे त्यांच्या चाकांना पुन्हा रस्ता लागला.

पडीक राहिलेले शेत तण खाते. बांधलेला बैल सुजतो. उभे यंत्र कुजते. सील सुकतात, तेल खाली उतरते, पिस्टन चिकटतात. म्हणून जाणते कॉर्व्हेटवाले म्हणतात, गाडी चालवा. तेही नुसती सुरू करून पाच मिनिटांत बंद करू नका. त्याने उलट इंजिनात आणि सायलेन्सरमध्ये वाफेचे पाणी राहते. चांगली पंधरा-वीस मैल पळवा, पूर्ण तापू द्या. पाणी उडून जाते, ब्रेकही मोकळे राहतात.

जमिनीने गिळले तेव्हा

१९८१ पासून कॉर्व्हेट केंटकी राज्यातल्या बोलिंग ग्रीनला तयार होते. तिथे १९९४ मध्ये या एकाच मोटारीचे संग्रहालय उघडले. सारा मुलूख चुनखडीचा, जमिनीखाली गुहाच गुहा. १२ फेब्रुवारी २०१४ च्या पहाटे संग्रहालयाची जमीन खचली. सुमारे ४० फूट रुंदीचे विवर पडले आणि आठ कॉर्व्हेट आत गेल्या. माणूस कुणी नव्हता, हे नशीब. त्यात १९६२ ची एक काळी गाडी होती, २ जुलै १९९२ ला बाहेर पडलेली दहा लाखावी पांढरी गाडी होती आणि २००९ ची एक निळी.

निळी गाडी क्रेनने वर काढली, चावी फिरवली, तर ती चक्क सुरू झाली! ती, दहा लाखावी आणि १९६२ ची, अशा तिघी दुरुस्त करायचे ठरले. बाकीच्या पाच मात्र चेपलेल्या, मातीने भरलेल्या तशाच ठेवल्या. त्या बघायलाच लोकांची रीघ लागली. प्रत्येक जुन्या वस्तूला नवे करणे म्हणजे तिला जपणे नव्हे. कधी तिच्या अंगावरची जखमच तिचा इतिहास असते.

मग मजा कशात?

एवढा खटाटोप कशासाठी, असे तुम्ही विचाराल. त्याचे उत्तर रविवारी सकाळी मिळते. लांब नाकाच्या पलीकडे सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना मका, पायाखाली पाच लिटरहून मोठे इंजिन. ना आजच्या गाडीसारखा पडद्यावरचा नकाशा, ना आपोआप लागणारे ब्रेक. सुकाणू हातात जड लागते, तेलाचा वास येतो, उन्हाळ्यात पाय भाजतात. पण गाडी काय करते आहे ते सगळे हाताला कळते. ज्याने औत धरले आहे त्याला हे वेगळे सांगायला नको. जमीन कुठे कठीण, कुठे भुसभुशीत, ते रुमण्यातून कळते ना, तसे.

दुसरी मजा माणसांची. १९७४ मध्ये तिकडे कॉर्व्हेट पूर्ववत करणाऱ्यांची संस्था निघाली. ती गाड्या तपासून गुण देते, ९४ टक्क्यांवर मिळाले तर पहिला वर्ग. बैलपोळ्याला बैलाची शिंगे, खूर, दात बघतात, तसे तिथले परीक्षक स्क्रूच्या डोक्यावरची खूण बघतात. त्यांची आणखी एक कसोटी आहे, त्यात गाडी रस्त्यावर चालवून हॉर्नपासून घड्याळापर्यंत सगळे चालते का ते पाहतात. जुन्या कॉर्व्हेटचे घड्याळ बंद पडलेले असते हा तिथला नेहमीचा विनोद. ते चालू करणारा मालक मिशीला पीळ देत हिंडतो.

सरकारही वाट काढून देते. अनेक राज्यांत पंचवीस वर्षांवरच्या गाडीला खास पाटी मिळते, अट एवढीच की रोजच्या कामाला वापरू नये. विम्याची रक्कम मालक आणि कंपनी आधीच ठरवून घेतात. जुनी गाडी म्हणून तिची किंमत शून्य धरली, असा तंटा मग होत नाही.

आपल्या पडवीतल्या गाडीचे काय?

शेव्हरोले हे नाव आपल्याला परके नाही. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला होता, तो १९५४ मध्ये बंद झाला. विलीजची जीप महिंद्रांनी मुंबईतच जोडायला सुरुवात केली. तेव्हा आपल्या जिल्ह्यातल्या पडव्यांतही इतिहास उभा आहे.

२०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांचे नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली, मूळ स्वरूपात ठेवलेली, धंद्यासाठी न वापरलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुढच्या वेळी ५,०००, मुदत १० वर्षे. पाटीवर ‘व्हीए’ अक्षरे. आधीच नोंद असेल तर जुना नंबर राखता येतो. मात्र रोजच्या वापराला किंवा भाड्याने ती चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती एवढ्यासाठीच.

इथेच खरी अडचण. पेट्रोल परवडत नाही म्हणून जीपचे इंजिन काढून डिझेलचे बसवणे आपल्याकडे सर्रास चालले. इंजिन, सांगाडा किंवा चौकट यांत मोठा फेरफार झाला, की ‘मूळ स्वरूप’ ही अट आडवी येते. जुने इंजिन कुठे गेले? बहुधा भंगारात. कॉर्व्हेटची कापलेली पट्टी आठवली ना?

दुसरी अडचण कागदाची. आजोबा वारले, पुस्तकावर नाव त्यांचेच. जमिनीला वारसनोंद लावली, गाडीची राहिली. परिवहन कार्यालयात फॉर्म ३१ भरून ती वारसाच्या नावे करता येते. भाऊ-भाऊ एकत्र आहेत, म्हातारी सांगायला आहे, तोवर हे काम सोपे. पुढच्या पिढीत तेच काम कोर्टाचे होते. सरपंच, ग्रामसेवक, तलाठी यांनी वारसाचा अर्ज हाती आला की एक वाक्य विचारावे, ‘गाडीचं काय केलं?’

तेव्हा या आठवड्यात एवढे करा. पडवीत जा, कोंबडी हुसकवा, बॉनेट उचला. चौकटीवरचा नंबर तारेच्या ब्रशने साफ करून वहीत लिहा. पुस्तकाशी ताडून बघा. निघालेले सुटे भाग एका पोत्यात घाला. गाडी चालू करायची असेल तर आधी ब्रेक, नळ्या आणि टायर बघा, मगच चावी. आणि ठेवायची नसेल, तर जपणाऱ्याच्या हाती द्या, कागदासकट.

नाही तर आहेच. आठवण म्हणून ठेवलेली गाडी आपल्या डोळ्यांदेखत मातीत जाते, आणि आठवण तेवढी म्हातारीजवळ उरते.